जुन्या गाडीचं बाहेरचं क्रोम, पट्ट्या आणि मोनोग्राम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँबॅसेडर, फियाट-पद्मिनी, स्टँडर्ड हेरल्ड, क्वचित त्याहून जुनी एखादी विलायती गाडी. नागपूर आणि आसपासच्या गाडीमालकांकडून इंजिनाइतकेच प्रश्न बंपर, जाळी, पट्ट्या आणि मोनोग्राम (गाडीवरचं धातूचं नाव किंवा चिन्ह) यांबद्दल येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना आकडे दिले आहेत, कारण बरीच उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

१. कोणता भाग कोणत्या धातूचा आहे, हे घरी कसं ओळखायचं?

हे आधी ठरवा, मगच कशालाही हात लावा. स्टीलवर चालणारा उपाय अल्युमिनियमला एका रात्रीत खाऊन टाकतो.

चुंबक घ्या आणि भाग उलटा करून मागची बाजू बघा. चुंबक घट्ट चिकटला आणि मागे तांबूस गंज असेल तर तो क्रोम केलेला लोखंडी पत्रा: बंपर, बंपर गार्ड, बऱ्याच गाड्यांच्या चाकांच्या टोप्या. चुंबक चिकटत नाही, भाग आकाराच्या मानाने जड आहे आणि क्रोमखाली फोड किंवा पांढरी पावडर दिसते, तर ते जस्ताचं ओतकाम. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा देणाऱ्या, दुकानात याला मॅझॅक म्हणतात. दाराची हँडलं, मोनोग्राम आणि दिव्यांची घरं बहुधा याचीच असतात. चिकटत नाही, हलका आहे आणि चमक दुधाळ झाली आहे, तर अल्युमिनियम. मागे खरवडल्यावर पिवळं दिसलं तर पितळ, आणि पितळेसारखं नशीब दुसरं नाही: ते गंजत नाही, डाग देता येतो (म्हणजे सोल्डरने जोडता येतं), प्लेटिंगही छान धरतं.

इथे एक फसगत होते. चुंबक चिकटला म्हणजे लोखंडच, असं नाही. पट्ट्यांसाठी वापरलं जाणारं ४३० जातीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतं, ३०४ जातीचं चिकटत नाही. पट्टी आतून-बाहेरून एकाच रंगाची असेल आणि मागे गंज नसेल, तर चुंबक काहीही सांगो, ती स्टेनलेसच धरा.

२. जुना भाग दुरुस्त करू की बाजारातून नवा आणू?

मूळ भाग वाचण्यासारखा असेल तर तो वाचवा, असंच आम्ही सांगू. नंतर बनलेल्या बंपरचा पत्रा अनेकदा पातळ असतो, गोलाई थोडी वेगळी असते आणि बोल्टची भोकं काही मिलिमीटरने चुकलेली असतात. मग बसवताना ओढाताण होते आणि ताण आलेल्या जागी क्रोमला तडे जातात. मूळ भाग पोचलेला असला तरी त्याच गाडीसाठी घडलेला असतो.

पत्रा आरपार सडला असेल, मॅझॅकचा तुकडा मधोमध तुटून हरवला असेल, किंवा ओतकामावरची अक्षरं खड्ड्यांनी खाल्ली असतील, तर नव्याचा विचार करा. नवा आणला तरी जुना भंगारात देऊ नका. मोजमाप, भोकांची जागा आणि उंचसखलपणा तपासायला तोच लागतो.

३. भाग उतरवतानाच तुटतात. कसे उतरवायचे?

आधी फोटो: दुरून, जवळून, आणि जमेल तिथे मागून. प्रत्येक पट्टीच्या मागे कागदी टेप लावून ‘डावी, पुढचं दार’ असं लिहा. डावी-उजवी पट्टी सारखी दिसते, पण वळण उलट असतं.

बंपरचे बोल्ट चाळीस-पन्नास वर्षं चिखलात राहिलेले असतात. गंज सोडवणारं तेल सलग दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारा, मगच पाना लावा. गोल डोक्याचा बोल्ट आतल्या आत फिरत असेल तर मागून नटच कापा. बोल्ट नवा मिळतो, बंपरचं चौकोनी भोक फाटलं की वेल्डिंग करावं लागतं.

दाराच्या पट्ट्या टोकाला धरून ओढू नका. पट्टी क्लिपवर बसलेली असते. दोन क्लिपांच्या मधे उचकलं की तिला कायमची घडी पडते. प्लॅस्टिकची पातळ पाती क्लिपच्या अगदी शेजारी सरकवा, पेंटवर जाड टेप लावा, आणि एकेक क्लिप सोडवत पुढे जा. पेचकस वापरायचाच असेल तर खाली पातळ लाकडी फळी हवी.

मोनोग्रामच्या मागे बारीक खुंट्या असतात आणि त्या मॅझॅकच्या असतात. दाराचं अस्तर काढून किंवा डिकी उघडून मागचे नट आधी सोडा. बाहेरून उचकलेला मोनोग्राम हमखास तुटतो. तुटलीच खुंटी, तर मागे ३.३ मिमीचं भोक पाडून ४ मिमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा आणि बारीक स्क्रूचा तुकडा इपॉक्सीने बसवा. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली आधी ठरवा, नाहीतर पातं समोरच्या बाजूने बाहेर येतं.

४. हलका गंज आहे, प्लेटिंगला द्यायलाच हवं का?

नाही. तांबूस ठिपके दिसतात पण बोटाने खड्डा लागत नाही, तर घरी साफ होतं. डब्यात पोळ्या गुंडाळतो ती अल्युमिनियमची फॉइल घ्या, चुरगळा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने गोल घासा. क्रोम अल्युमिनियमपेक्षा बरंच कठीण असल्याने त्याला ओरखडा पडत नाही, गंज मात्र निघतो. काळपट पाणी लगेच धुवा, पूर्ण कोरडं करा, मेण लावा.

मेण लावलं नाही तर महिन्याभरात ठिपके परततात. क्रोमच्या थराला मुळातच अतिसूक्ष्म छिद्रं असतात, गंज तिथून वर येतो. मेण ती छिद्रं बुजवतं. ही फॉइल फक्त क्रोमवर वापरा, अल्युमिनियमच्या किंवा रंगवलेल्या भागावर नाही.

५. तांब्या-पितळेची पावडर, चिंच किंवा बाथरूमचं ऍसिड वापरलं तर?

ऍसिड अजिबात नको. फरशी धुवायचं ऍसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि क्रोम उतरवायला प्लेटिंगवाले नेमकं तेच वापरतात. त्याची बाटली गॅरेजमध्ये नुसती ठेवली तरी झाकणातून निसटणाऱ्या वाफेने शेजारचं लोखंड लालसर होतं. आधी ती बाटली हलवा.

पितळेची पावडर आणि चिंच देवघरातल्या समईसाठी ठीक आहे. क्रोम झिजून निकल उघडं पडलेल्या जागी पावडरीचे ओरखडे उमटतात आणि मोनोग्रामच्या अक्षरांतला रंग निघतो. अल्युमिनियमवर तर दोन्ही टाळा.

६. ‘क्रोम करून घ्या’ म्हणजे नेमकं काय करायचं असतं? प्लेटिंगवाल्या भाऊंना काय सांगायचं?

क्रोम हा सर्वांत वरचा आणि सर्वांत पातळ थर: जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. खरं संरक्षण खालचं निकल करतं आणि गुळगुळीतपणा त्याखालचं तांबं देतं. क्रमाने असं घडतं: जुना क्रोम आणि निकल उतरवणं, डेंटिंग, घासणं, तांब्याचा थर, तांब्यावर बफिंग (फिरत्या कापडी चाकावर चकाकी आणणं), लागलं तर पुन्हा तांबं, मग निकल, शेवटी क्रोम. क्रोम काही झाकत नाही. तांब्यावर दिसलेला ओरखडा क्रोमवर दुप्पट उठून दिसतो.

नळ आणि सायकलच्या भागांचं काम करणाऱ्या दुकानात बरेचदा तांबं गाळून थेट निकल मारतात. घरातल्या नळाला ते पुरतं, पावसात फिरणाऱ्या बंपरला नाही. म्हणून या गोष्टी लिहून द्या:

तांबं हवंच, आणि तांब्यानंतर भाग आम्हाला बघू द्यायचा. निकल २५ ते ३० मायक्रॉन. अक्षरं, कडा आणि भोकांच्या काठांवर बफ दाबायचा नाही, कारण तीक्ष्ण कड एकदा गोल झाली की परत येत नाही. आटे झाकायचे. लटकवायची तार दिसणाऱ्या बाजूला बांधायची नाही.

पहिला प्रश्न मात्र टाकीच्या लांबीचा विचारा. अँबॅसेडर सुमारे १.६६ मीटर रुंद आहे, बंपरही त्या मापाचा. छोट्या टाकीत तो अर्धा-अर्धा बुडवून केला तर मधे सांधा दिसतो. शहरातल्या दुकानात एवढी टाकी नसेल तर हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत चौकशी करा. भाग देताना यादी, फोटो आणि नगांची संख्या यावर सही घ्या. बारीक भाग टाकीच्या तळाशी पडून हरवतात.

७. नवं क्रोम दोन पावसाळ्यांतच खराब झालं. चूक कोणाची?

खराबी कशी दिसते त्यावरून कळतं. कागदासारखा पापुद्रा सुटत असेल तर भाग नीट धुतला नव्हता, थराखाली तेल किंवा बफिंगचा मसाला राहिला. सगळीकडे टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके असतील तर निकल पातळ आहे. मॅझॅकच्या भागावर फोड आले असतील तर खालचे खड्डे न उकरता तसेच झाकले गेले (प्रश्न ८). फक्त कडेने, घडीतून आणि बोल्टभोवती गंज उतरत असेल तर मागची बाजू उघडी राहिली.

ही शेवटची चूक मालकाची असते. बंपरच्या आतल्या पोकळीत प्लेटिंग नीट पोहोचत नाही. बंपर घरी आला की मागची बाजू घासून, जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात आणि वर चंदेरी रंग मारा. त्याआधी पुढच्या बाजूवर कागद चिकटवायला विसरू नका.

८. दाराच्या हँडलला आणि मोनोग्रामला खड्डे पडलेत. मॅझॅक दुरुस्त होतं का?

होतं, पण सगळ्या कामांत हे सर्वांत किचकट. बऱ्याच दुकानांत ‘होत नाही’ म्हणतात किंवा घेऊन बिघडवतात.

मॅझॅकमध्ये मुख्यतः जस्त असतं. जस्ताला आम्ल आणि तीव्र कॉस्टिक दोन्ही खातं. स्टीलच्या भागासोबत त्याच टाकीत बुडवलं तर भाग छिन्न होऊन बाहेर येतो. तांब्याचा पहिला थरही नेहमीच्या आम्लाच्या टाकीत देता येत नाही, त्यासाठी सायनाइडची तांब्याची टाकी लागते. ते जहाल विष आहे. हे काम परवाना असलेल्या प्लेटिंगच्या कारखान्यातच करून घ्या, घरी कुठलाही प्रयोग नको.

योग्य रीत अशी: प्रत्येक फोड बारीक बरने (ड्रिलसारखं फिरणाऱ्या कोरणीने) उकरायचा, पांढरी पावडर संपून चकचकीत धातू दिसेपर्यंत. मग तांब्याचा पातळ थर. खड्डे शिशा-कथलाच्या सोल्डरने भरायचे, कानस आणि वॉटर पेपरने सपाट करायचे, पुन्हा तांबं, बफिंग, निकल, क्रोम. सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं आणि मॅझॅक साधारण ३८५ अंशांना. अंतर पुरेसं आहे, पण गॅसची ज्योत लावली की ते क्षणात संपतं आणि हँडलचा गोळा होतो. इस्त्रीसारखं तापणारं सोल्डरिंग आयर्नच वापरायचं.

खड्डे उथळ आणि मोजके असतील तर सरळ तसेच राहू द्या. साफ केलेलं, मेण लावलेलं, थोडं ठिपक्यांचं मूळ हँडल हे कडा बुजलेल्या चकचकीत हँडलपेक्षा केव्हाही चांगलं.

९. स्टेनलेसच्या पट्टीला पोचे आहेत. घरी निघतील?

हे मात्र घरी शिकण्यासारखं काम आहे. स्टेनलेसवर थर नसतो, त्यामुळे उतरण्यासारखं काही नाही.

पट्टी कठीण लाकडावर उलटी ठेवा. लाकडात पट्टीच्या गोलाईची खाच करून घेतली तर उत्तम. मागून लहान, गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या, पोच्याच्या कडेपासून मध्याकडे. जोरात एक ठोका मारला की धातू ताणतो, फुगवटा येतो आणि तो बसवणं पोचा काढण्यापेक्षा अवघड. मग समोरून बारीक कानस एकदा फिरवा: चमकली ती जागा उंच, न चमकलेली अजून खोल. पुन्हा ठोका. सपाट झालं की वॉटर पेपर ३२०, ४००, ६००, ८००, १०००, प्रत्येक वेळी आधीच्या दिशेला आडवा. ३२० चा ओरखडा ६०० वर काढायला गेलात तर संध्याकाळ होईल, म्हणून टप्पा गाळू नका.

शेवटी सुती बफ आणि हिरवी पॉलिशची वडी. पट्टी लाकडी फळीला क्लॅम्पने बांधूनच बफखाली धरा. मोकळी पट्टी बफमध्ये अडकली तर ती तलवारीसारखी फिरते. चष्मा हवा, हातमोजे सैल नकोत, गळ्यात दुपट्टा नको.

१०. अल्युमिनियमची पट्टी कितीही घासली तरी चमकत नाही. का?

कारण तुम्ही अल्युमिनियम घासतच नाही, त्यावरचा ऍनोडाइजचा पारदर्शक, कठीण थर घासता आहात. तो दुधाळ झाला की आधी काढावा लागतो.

प्लॅस्टिकच्या बादलीत १ लिटर साध्या पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा हळूहळू टाका. सोडा पाण्यात, पाणी सोड्यावर कधीच नाही. रबरी हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, आणि आसपास विडी-काडी नाही, कारण यातून हायड्रोजन निघतो. पट्टी बुडवा, बुडबुडे सर्वत्र सारखे येऊ लागले की काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. काम मिनिटांचं आहे. चहा प्यायला गेलात तर पट्टी कागदासारखी पातळ होते. लोखंडी क्लिप किंवा मॅझॅकचा तुकडा जोडलेला असेल तर आधी काढा.

नंतर स्टेनलेसप्रमाणेच पॉलिश (प्रश्न ९), फक्त हलक्या हाताने, ६०० पासून पुढे. पुन्हा ऍनोडाइज करून घेतलं तर वर्षानुवर्षं टिकतं. नाही केलं तर दर दोन-तीन महिन्यांनी मेण.

११. जाळी प्लॅस्टिकची आहे. तिला क्रोम होतं का?

वरच्या टाकीच्या पद्धतीने नाही. प्लॅस्टिकला आधी रसायनाने वीजवाहक करावं लागतं, ती सोय वेगळ्या कारखान्यांत असते. स्प्रेच्या डब्यातला ‘क्रोम’ म्हणजे चंदेरी रंग, पहिल्या उन्हाळ्यात राखाडी होतो. तडा नसेल तर मूळ जाळी साबणाने धुऊन तशीच वापरा.

१२. मोनोग्राममधला लाल-निळा रंग उडालाय. सराफाकडून मीना करून घेऊ?

मोनोग्राम तांब्याचा किंवा पितळेचा असेल आणि मूळचा रंग काचेसारखा असेल, तर इतवारीच्या सराफ्यात मीनाकाम करणाऱ्या कारागिराला दाखवायला हरकत नाही. पितळेवर मीना नीट धरेलच असं नसतं, त्यामुळे आधी मागच्या बाजूला नमुना करून घ्या.

मॅझॅकचा असेल तर अजिबात देऊ नका. मीना भट्टीत सातशे-आठशे अंशांवर भाजतात, तोवर मॅझॅक पाणी झालेलं असतं. तिथे साधा इनॅमल रंग किंवा रंगीत इपॉक्सी. सुई बोथट केलेल्या इंजेक्शनने खाचेत थेंब-थेंब सोडा, मोनोग्राम सपाट ठेवा, २४ तास झाकून ठेवा. कडेला आलेला रंग ओला असताना पुसू नका. वाळल्यावर बांबूच्या काडीने खरवडा.

१३. क्लिपाही प्लेटिंगला दिल्या होत्या. बसवल्यावर आठवड्यात तुटल्या. असं कसं?

स्प्रिंगचं कडक पोलाद आम्लात किंवा प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं. ताण दिल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी ते अचानक मोडतं. प्लेटिंगनंतर लगेच १९० ते २२० अंशांवर काही तास भाजलं तर हायड्रोजन निघून जातो, पण छोट्या दुकानात ही भट्टी क्वचितच असते.

क्लिपा आम्लात घालूच नका. तारेच्या ब्रशने घासा, प्रायमर मारा, बसवताना पेट्रोलियम जेली लावा. इतवारीत लोहा ओळीत साध्या क्लिपा शोधायला जाताना मूळ क्लिप खिशात ठेवा. पट्टीच्या आतली रुंदी आणि पत्र्यातलं भोक, दोन्ही मापं जुळायला हवीत.

जेली लावण्याचं दुसरंही कारण आहे. अल्युमिनियमची पट्टी, लोखंडी क्लिप आणि ओलावा एकत्र आले की पट्टी झपाट्याने खाल्ली जाते. मॅझॅकमध्ये स्टेनलेसचा स्क्रू घातला तरी तेच. मधे रबर किंवा नायलॉनचा वॉशर द्या.

१४. आधी पेंट की आधी ट्रिम (पट्ट्या, जाळी, मोनोग्राम वगैरे)?

आधी सगळं ट्रिम उघड्या, रंग न दिलेल्या गाडीवर एकदा बसवून बघा. भोकं मोठी करायची असतील, पत्रा बसवायचा असेल, तर तो याच वेळी. मग उतरवा, रंगवा, रंग पूर्ण कडक झाल्यावर कायमचं बसवा. प्लेटिंगने प्रत्येक बाजूला काही शतांश मिलिमीटर जाडी वाढते आणि भोकाच्या काठावर रंगाचाही थर बसतो. अडलं तर गोल कानसेने काठ सोडवा, उघड्या पत्र्याला प्रायमर लावा. ठोकून बसवू नका.

काचेच्या रबरातली चमकदार पट्टी सर्वांत शेवटी. ती मे महिन्यात, गाडी तासभर उन्हात ठेवून, साबणाच्या पाण्याने बसवा. रबर मऊ असतं. डिसेंबरच्या सकाळी तीच पट्टी दुप्पट वेळ घेते आणि रबर फाटतं.

१५. माझ्या गाडीला कोणती जाळी आणि कोणतं नाव मूळचं?

आरसी बुकातलं वर्ष बघा. फियाट-पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीची गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, १९७२ पासून प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. त्यामुळे १९६८ च्या गाडीवर ‘पद्मिनी’ मोनोग्राम दिसला तर तो नंतर लावलेला. अँबॅसेडरमध्ये मार्क २ ची जाळी बारीक चौकटींची, १९७९ च्या मार्क ४ ची मोठ्या चौकटींची. मधल्या मालकाने सहज मिळाली म्हणून मार्क ४ ची जाळी बसवलेली अनेक गाड्यांत दिसते. नवी जाळी प्लेटिंगला देण्याआधी ही खात्री करा, नाहीतर चुकीच्या भागावर खर्च होतो.

१६. माझी गाडी १९२० च्या दशकातली आहे. क्रोम करू का?

थांबा. गाड्यांवर क्रोम रुळलं ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी वरचा थर निकलचाच असे, किंचित पिवळसर, उबदार झाकेचा. अशा गाडीवर निळसर क्रोम खटकतो. प्लेटिंगवाल्यांना ‘निकलवर थांबा’ असं स्पष्ट लिहून द्या, सवयीने क्रोम मारला जातो.

१७. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवताना बंपरला भोक पाडायला सांगतात. पाडू?

नको. क्रोमच्या थरातून भोक पाडलं की त्याच्या काठाने गंज सुरू होतो, आणि तो भाग पुन्हा प्लेटिंगला देताना भोक भरावं लागतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही ही पाटी बंधनकारक आहे, तेव्हा आधीच तयारी करा: २ मिमी लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट बनवा, बंपरच्या मूळ बोल्टवर रबरी वॉशर देऊन बसवा, आणि पाटी त्या ब्रॅकेटवर लावून घ्या.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांत वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात. त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा ही अट आहे. मूळ बंपरला पुन्हा क्रोम करणं त्या बदलांत मोडत नाही. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, हे लक्षात ठेवूनच अर्ज करा.

१८. नागपूरच्या हवेत हे सगळं टिकवायचं कसं?

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातला बंपर हाताला चटका देतो. तापलेल्या धातूवर पॉलिश किंवा मेण लावू नका, डाग पडतात. पहाटे किंवा दिवेलागणीला लावा.

गाडी खिडकीतल्या कूलरखाली उभी करू नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार क्रोमवर वाळले की पांढरी खरपुडी धरते. धरलीच, तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यात भिजवलेलं फडकं क्रोमवर दोन मिनिटं ठेवा, धुवा, पुसा. अल्युमिनियम आणि मॅझॅकवर हे करू नका.

कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहत असाल तर औष्णिक केंद्रांची राख गाडीवर बसते. कोरड्या फडक्याने झटकली की ती पॉलिश पेपरसारखी घासते. आधी पाण्याची धार, मग फडकं.

पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. सुती कव्हर आणि छप्पर हवं. उघडं, प्लेटिंग न केलेलं लोखंड जुलैत एका रात्रीत लाल होतं, म्हणून सुटे केलेले भाग तेल चोळून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. उतरवण्याचं आणि घासण्याचं काम दिवाळीनंतर काढलं तर होळीपर्यंत गाडी पुन्हा उभी राहते.